परसातला जुना स्विमिंग पूल विकायचाय? मग आधी पाणी उतरवू नका

न्यू जर्सीत मार्च सरून एप्रिल लागला की आमच्या मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक ठरलेला फोटो येतो. परसात उभं पत्र्याचं गोल कडं, आत सुरकुतलेलं निळं लायनर (प्लॅस्टिकचं अस्तर), तळाला काळी पडलेली पानं, आणि खाली एक ओळ: 'पूल विकणे आहे. स्वस्तात.' चार दिवसांनी तोच फोटो निम्म्या किमतीला येतो. मे महिन्यात पुन्हा येतो, तेव्हा 'फुकट, घेऊन जा' असं लिहिलेलं असतं. तरी कोणी फिरकत नाही, आणि शेवटी घरमालकच पैसे मोजून तो भंगारात काढायला लावतो.

पूल वाईट असतो असं नाही. पाणी आधी उतरवलेलं असतं, एवढंच. रिकामा पूल पाणी धरतो का, पंप चालतो का, कुठे गळतंय का, हे बघून सांगता येत नाही. घेणारा विचार करतो की उगाच डोक्याला ताप कशाला, आणि निघून जातो. म्हणून सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगते: पूल भरलेला, स्वच्छ आणि चालू असताना दाखवा. सौदा पक्का झाला, इसार हातात आला, की मगच पाणी उतरवा.

आमच्याकडे २०१५ ते २०२३ असे नऊ उन्हाळे पूल होता, २४ फूट व्यासाचा, गोल, ५२ इंच उंचीच्या पत्र्याचा. २०२४ च्या मे महिन्यात तो विकला. इथे नव्याने आलेल्या, पहिलंच घर घेतलेल्या आणि परसात आधीच्या मालकाचा पूल उभा असलेल्या कितीतरी जणांनी तेव्हापासून मला तेच तेच प्रश्न विचारले. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

पायरी पहिली: आपल्याकडे काय आहे ते मोजा

अमेरिकेत घरगुती पूल दोन जातींचे. जमिनीत खणून बांधलेला तो इनग्राउंड. तो घराचाच भाग असतो, सुटा निघत नाही. अबव्ह-ग्राउंड पूल म्हणजे जमिनीवर उभा केलेला सांगाडा: खाली गोलाकार पट्टी, त्या पट्टीत बसवलेला सलग पत्रा, बाहेरून खांब, वरून कठडा आणि आत विनाइलचं लायनर. पाणी धरतं ते लायनर, आणि त्या पाण्याचा रेटा पेलतो तो पत्रा. पंप, फिल्टर, शिडी ही जोडसामग्री. लायनर सोडून बाकी सगळं खोलून दुसरीकडे उभं करता येतं.

टेप घेऊन परसात जा. गोल पूल ठरावीक मापांत येतात: १५, १८, २१, २४, २७ फूट ही नेहमीची मापं. पत्र्याची उंची ४८, ५२ किंवा ५४ इंच. तुमचा पूल लंबगोल असेल तर लांबी आणि रुंदी दोन्ही लिहा, उदाहरणार्थ १५ बाय ३०. लंबगोल पूलच्या सरळ बाजू पाण्याच्या रेट्याने बाहेर फुगू नयेत म्हणून त्यांना तिरके टेकू किंवा तळाखालून पट्टे दिलेले असतात. ते खोलणं आणि परत बसवणं किचकट काम आहे, त्यामुळे लंबगोल पूलला गिऱ्हाईक कमी मिळतं. हे आधीच मनाशी धरून ठेवा.

पाणी किती मावतं हा प्रश्न हमखास येतो. गोल पूलचा हिशेब सोपा आहे: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची सरासरी खोली, सगळं फुटांत, आणि त्याला ५.९ ने गुणायचं. उत्तर गॅलनमध्ये येतं. आमच्या पूलमध्ये पाणी चार फूट असायचं, म्हणजे २४ × २४ × ४ × ५.९, साधारण १३,६०० गॅलन. लिटरमध्ये ५१ हजारांच्या वर. इतक्या पाण्याचं वजन ५१ टन होतं, आणि ते सगळं पातळ पत्र्याच्या भरवशावर उभं असतं. म्हणूनच पुढची तपासणी मन लावून करायची.

गंज बघायच्या जागा तीन. पहिली स्किमरची. पाण्याच्या पातळीवर पत्र्याला एक चौकोनी भोक असतं, वरची पानं आणि किडे तिथून ओढले जातात, तो स्किमर. तिथलं रबर जुनं झालं की पाणी थेंब थेंब पत्र्यावर उतरत राहतं. स्किमरच्या खाली गुडघे टेकून बसा आणि रंगावर तांदळाच्या दाण्याएवढे फोड आलेत का पाहा. एखाद्या फोडाचा पापुद्रा नखाने काढा. खाली घट्ट, चकचकीत धातू दिसला तर काळजी नाही. लालसर भुकटी बोटाला लागली आणि कडा मऊ वाटली, तर पत्रा आतून खाल्ला गेलाय. भरलेल्या पूलला टोकदार काहीही टोचून बघू नका. दुसरी जागा अगदी तळाची, जिथे माती आणि गवत पत्र्याला चिकटून राहतं. माती हाताने बाजूला सारून पूर्ण गोल फिरा. तिसरी जागा म्हणजे पत्र्याची दोन टोकं जिथे जुळतात तो सांधा. तिथे वरपासून खालपर्यंत नट-बोल्टची दाट रांग असते.

पत्रा आरपार गंजला असेल तर तो पूल म्हणून विकू नका. असा पत्रा एखाद्या दिवशी सगळ्या पाण्यासकट फाटतो, आणि आत किंवा शेजारी मुलं असू शकतात. अशा वेळी पंप, फिल्टर, शिडी, खांब, कठड्याच्या टोप्या हे सुटं विका. बंद झालेल्या मॉडेलच्या टोप्या आणि खांब शोधणारे लोक बरेच असतात, कारण एक टोपी फुटली म्हणून अख्खा पूल कोणी बदलत नाही. पत्रा भंगारवाल्याकडे.

आता एक गोष्ट, जी बहुतेकांना माहीतच नसते. दुकानातून आणून परसात उभे करायचे, धातूच्या नळ्यांच्या सांगाड्याचे जे पूल मिळतात, त्यांतल्या काहींना बाहेरून खांबांभोवती वेढलेला पट्टा असतो. त्या पट्ट्यावर पाय ठेवून लहान मूल वर चढू शकतं. २०२५ च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने बेस्टवे, इंटेक्स आणि पॉलिग्रुप या तीन कंपन्यांचे ४८ इंच किंवा त्याहून उंच असलेले सुमारे ५० लाख पूल रिकॉलमध्ये टाकले, म्हणजे सदोष म्हणून दुरुस्तीसाठी जाहीर केले. नऊ लहान मुलं बुडून गेल्यानंतर हे झालं. यांतले पूल २००२ पासून विकले जात होते, म्हणजे परसात उभे असलेले कितीतरी त्यात मोडतात. कंपनी दुरुस्तीचं किट फुकट पाठवते. दुरुस्ती न करता रिकॉलमधली वस्तू विकणं इथल्या कायद्याने गुन्हा आहे, अगदी घरगुती विक्रीतसुद्धा. आपला पूल या यादीत आहे का, हे जाहिरात टाकायच्या आधी आयोगाच्या संकेतस्थळावर पाहा.

पायरी दुसरी: किंमत

इथे बहुतेकांचा अपेक्षाभंग होतो. 'आम्ही साडेचार हजार मोजले होते, निम्मे तरी यायला हवेत' हा हिशेब लागू पडत नाही, कारण त्या साडेचार हजारांत मजुरी होती, जमीन सपाट करणं होतं, वाळू होती, इलेक्ट्रिशियन होता, लायनर होतं. हे सगळं घेणाऱ्याला नव्याने करावं लागतं. तुम्ही त्याला देता तो फक्त पत्रा, खांब आणि यंत्रं.

म्हणून हिशेब त्याच्या बाजूने मांडा. त्याला नवं लायनर लागणार, त्याचे काहीशे डॉलर. माणसं लावून उभा करून घेतला तर मजुरीच हजाराच्या पुढे जाऊ शकते. वर वाळू, टाउनशिपचं (म्हणजे गावच्या नगरपालिकेचं) परमिट, इलेक्ट्रिशियन. हे सगळं धरून त्याला नव्यापेक्षा ठळक स्वस्त पडलं, तरच तो पिकअप ट्रक घेऊन तुमच्या दारात येईल. आम्ही पंप, फिल्टर, शिडी आणि हिवाळ्याचं कव्हर धरून ७०० डॉलर सांगितले आणि ४५० ला दिला. मला तो भाव रास्त वाटला आणि आजही वाटतो.

खोलण्याचं काम कोण करणार, हे किमतीच्या आधी ठरवा. घेणारा स्वतः खोलून नेणार असेल तर भाव कमी ठेवा, पण त्यात त्याचाही फायदा असतो: कोणता खांब कुठे होता, सांधा कसा जुळतो, हे त्याला डोळ्यांनी दिसतं. तुम्ही खोलून, बांधून ठेवणार असाल तर थोडे जास्त मागता येतात. माझं मत पहिल्याच्या बाजूने आहे. ज्याने खोललाय त्यालाच तो नीट उभा करता येतो.

पायरी तिसरी: कधी आणि कुठे विकायचा

इथला पोहण्याचा हंगाम मेमोरियल डे ते लेबर डे, म्हणजे मेअखेरपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत. गिऱ्हाईक एप्रिल आणि मेमध्ये असतं, कारण त्यांना शाळा सुटायच्या आत पूल उभा करायचा असतो. आम्ही आधी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये जाहिरात टाकून पाहिली, एकाचाही फोन आला नाही. मग हिवाळ्याचं कव्हर घातलं, एप्रिलमध्ये पूल उघडला, दोन आठवडे पाणी साफ केलं आणि पुन्हा फोटो टाकले. पहिल्याच दिवशी सहा जणांनी विचारलं. तेवढ्यासाठी क्लोरीन आणि विजेवर शंभरएक डॉलर गेले, पण ते वसूल झाले.

फेसबुक मार्केटप्लेस आणि क्रेग्सलिस्ट या दोन जागा पुरेशा आहेत. त्यांच्या जोडीला आपले मराठी, गुजराती, तेलुगू लोकांचे ग्रुप. जाहिरातीत माप, उंची, पत्रा स्टीलचा की रेझिनचा (कडक प्लॅस्टिकचा), घेतल्याचं वर्ष, पंप किती अश्वशक्तीचा, सोबत काय काय देणार, आणि 'पाणी भरलेलं आहे, चालू बघायला या' हे लिहा. फोटो सकाळी काढा, ऊन तिरपं असताना. भर दुपारी पाण्यावर नुसती चमक येते, तळ दिसत नाही. गंजाच्या डागाचाही फोटो टाका. घरी येऊन तो डाग बघणारा माणूस पाठ फिरवतो, आणि फोटोत बघून आलेला भाव करतो.

फसवणुकीचे प्रकार मला दोनदा भेटले. एकाने 'तुम्ही खऱ्या आहात का बघायचंय, फोनवर आलेला सहा आकडी कोड सांगा' असं म्हटलं. तो कोड कधीही देऊ नका, त्यावरून तुमच्या नंबरवर दुसऱ्याच्या नावाने खातं उघडलं जातं. दुसऱ्याने ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक पाठवतो, वरचे पैसे ट्रकवाल्याला द्या, असं सांगितलं. तो चेक दहा दिवसांनी परत येतो आणि तुम्ही दिलेले पैसे गेलेले असतात. रोख घ्या, समोरासमोर घ्या. इसाराची साधी पावती लिहा: काय विकलं, कितीला, किती तारखेपर्यंत न्यायचं, आणि 'आहे त्या स्थितीत'. वापरलेली घरगुती वस्तू घेतल्यापेक्षा कमी भावाला विकली तर त्यावर कर लागत नाही, पण मूळ पावती जपून ठेवा.

पायरी चौथी: गिऱ्हाईक बघायला येतं तेव्हा

आमच्याकडे आलेला माणूस पेनसिल्व्हेनियातला, मूळचा बार्शीकडचा. सोबत मेहुणा होता. त्याने स्किमरखाली वाकून बघितलं, पंप चालू करायला सांगितला, फिल्टरच्या काट्यावरचा दाब बघितला. मग विचारलं, "ताई, लायनर तीनच वर्षांचं आहे म्हणता. मग तेच लावतो की. उगाच नवं कशाला?"

मी त्यांना म्हटलं, "दादा, लायनर मी तुम्हाला फुकट देईन, पण लावू नका." कारण विनाइल पाण्याच्या वजनाखाली ताणून त्या जागेचा आकार घेतं. पाणी काढलं की ते आक्रसतं आणि कडक होतं, घडी घातली की घडीवर चिरतं. दुसऱ्या जागी, दुसऱ्या वाळूवर ते पुन्हा तसं बसत नाही. पन्नास टन पाणी भरून झाल्यावर सुरकुतीतून गळायला लागलं तर सगळं पुन्हा उपसायचं. लायनर जेमतेम सहा ते दहा वर्षं टिकतं, त्यामुळे जुन्या लायनरसाठी एक पैसाही मागू नका आणि देऊही नका.

मग मी वही आणून दिली. शाळेची दोनशेपानी वही, वरती प्लॅस्टिकचं कव्हर. २०१५ पासून रोजची एक ओळ: तारीख, क्लोरीन, पीएच, पाण्याचं तापमान, आणि पोहायला कोण कोण उतरलं. फिल्टरची वाळू कधी बदलली, पंप कधी बदलला, लायनर कधी टाकलं, सगळं तिच्यात. काही पानं पाण्याने फुगली होती, २०१७ च्या जुलैवर आंब्याचा डाग होता. त्या माणसाने पत्रा पाच मिनिटं बघितला असेल, वही मात्र पायरीवर बसून अर्धा तास चाळली. भाव तिथेच ठरला. तुमच्याकडे अशी वही नसेल तर विकायच्या आधीचे दोन महिने तरी ठेवा. पूल नीट सांभाळलाय हे तोंडी सांगून कोणाला पटत नाही.

उरलेली रसायनं द्यायची असतील तर मूळ डब्यांतच द्या. क्लोरीनच्या गोळ्या आणि दाणेदार क्लोरीन कधीही एका डब्यात एकत्र करू नका. दोन वेगवेगळ्या जातींचं क्लोरीन एकमेकांत मिसळलं तर पेट घेऊ शकतं, स्फोटही होतो. गाडीतून नेतानाही दोन टोकांना ठेवायचं. जे द्यायचं नाही ते कचऱ्यात न टाकता काउंटीच्या घातक कचरा गोळा करण्याच्या दिवशी नेऊन द्या.

पायरी पाचवी: पाणी उतरवणं आणि खोलणं

टाउनशिपच्या बांधकाम खात्यात आधी एक फोन करा. काही गावांत पूल काढायलाही परमिट लागतं, आणि पूर्वीचं परमिट बंद झाल्याची नोंद घर विकताना उपयोगी पडते. पूलभोवती तांब्याची जाड तार पुरून सगळे धातूचे भाग एकमेकांना जोडलेले असतात. ती तार आणि पंपाचं कनेक्शन परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून सोडवून घ्या. हे काम स्वतः करू नका.

पाणी सोडायच्या चार-पाच दिवस आधी क्लोरीन टाकणं थांबवा. उन्हाने ते उडून जातं. चाचणीत शून्य दिसलं की मग उपसा सुरू करा. पाणी आपल्याच हिरवळीवर, हळूहळू आणि जागा बदलत सोडा. शेजाऱ्याच्या तळघराकडे किंवा रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात सोडू नका. ते गटार थेट ओढ्याला मिळतं आणि क्लोरीनने मासे मरतात. बुडवायचा पंप तासाला दीड-दोन हजार गॅलन काढतो, म्हणजे आमच्या मापाला सात ते नऊ तास. तळाला चार-पाच इंच पाणी उरतंच. ते बादलीने काढेपर्यंत तिथून हलू नका. तेवढं पाणीसुद्धा लहान मुलाला पुरेसं असतं.

पाणी गेलं की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी खोलायला घ्या. पाण्याचा रेटा नसलेला पत्रा वाऱ्याने दुमडतो, आणि एकदा घडी पडली की तो कामातून गेला. म्हणून हवामान बघून, वारा नसलेला दिवस धरा. चार माणसं हवीत, जाड हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत. पत्र्याची कड सुरीसारखी असते.

आदल्या रात्री सगळ्या स्क्रूंवर गंज सैल करणारं तेल मारून ठेवा. सकाळी आधी शिडी, पंप, फिल्टर. वाळूचा फिल्टर वाळूसकट कोणी उचलू शकत नाही, वाळू आधी उपसा. मग कठड्याच्या टोप्या, मग कठडा. प्रत्येक खांबाला मार्करने नंबर घाला आणि त्याचे स्क्रू त्याच नंबरच्या पिशवीत टाका. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. त्यानंतर लायनर सुरीने कापून पट्ट्या करून बाहेर काढा. आमच्या लायनरखालची वाळू ओली निघाली, तिला वास होता, आणि त्या वाळूत नऊ वर्षांपूर्वी मजुरांनी विसरलेला एक पाना सापडला.

खांब काढताना पत्र्याला दोघांनी सतत धरून ठेवायचं. सगळ्यात शेवटी सांध्याचे बोल्ट. काही हलत नाहीत, ते ग्राइंडरने कापावे लागतात, डोळ्यांवर चष्मा लावून. २४ फुटी पूलचा पत्रा उलगडला की ७५ फूट लांब भरतो. एकाने टोक धरून चटई गुंडाळावी तसा गुंडाळायचा, बाकीच्यांनी उभा धरून त्याच्यामागे चालायचं. गुंडाळी कंबरेएवढ्या व्यासाची घट्ट करायचा हट्ट धरू नका, पत्रा मोडतो. तीन-चार फुटांची सैल गुंडाळी बरी. तिला दोन ठिकाणी पट्टे आवळा आणि उभीच ट्रकमध्ये चढवा. आम्हाला सकाळी आठपासून दुपारी अडीच वाजले. जेवायला पिठलं-भाकरी केली होती. सगळे हात धुऊन, पडवीत बसून जेवले, मगच ट्रक हलला.

परसात राहिलेला वाळूचा गोल महिनाभर तसाच ठेवा, पावसाने जमीन बसू द्या. वाळू जास्त असेल तर कोणीतरी फुकट घेऊन जातं. वर माती पसरा, आणि गवताचं बी सप्टेंबरमध्ये टाका. उन्हाळ्यात टाकलेलं बी इकडे करपतं.

पूल घ्यावा का?

नऊ वर्षांच्या वहीवरून मी हिशेब मांडला. सुरुवातीचा खर्च सगळा धरून ४,६००. २०२१ मध्ये लायनर बदललं, ९००. पंप एकदा बदलला, २५०. दर उन्हाळ्याला रसायनं २५० आणि वीज २००, म्हणजे नऊ वर्षांचे ४,०५०. एकूण ९,८००, त्यातून विकून आलेले ४५० वजा. उरले ९,३५०. उन्हाळ्याला हजारापेक्षा थोडे जास्त.

आणि पोहण्याचे दिवस? २०१६ मध्ये ७१. २०२० मध्ये, सगळे घरात अडकलेले असताना, ८४. तो एक उन्हाळा त्या पूलने आमच्या मुलांना सांभाळलं, हे मी कधी विसरणार नाही. २०२२ मध्ये १९, आणि २०२३ मध्ये ८. मुलगा दुकानात कामाला जायला लागला होता, मुलगी शाळेच्या संघात. नऊ वर्षांचे मिळून ४८६ दिवस, म्हणजे दिवसाला १९ डॉलर. पण शेवटच्या वर्षाचा नुसता चालवायचा खर्च आठ दिवसांवर वाटला तर दिवसाला ५६ होतात. तेवढ्यात अख्खं कुटुंब गावच्या सार्वजनिक पूलवर जाऊन येतं.

या आकड्यांतून मला जे कळलं ते सांगते. पूलचं खरं वय मुलांच्या वयावर ठरतं. धाकटं मूल पाच-सहा वर्षांचं झाल्यापासून थोरलं पंधराचं होईपर्यंत तो भरपूर वापरला जातो. त्याच्या पुढेमागे फक्त सांभाळला जातो. आणि लायनर बदलायची वेळ आली की थांबून ठरवायचं: ठेवायचा की विकायचा. आम्ही २०२१ मध्ये विचार न करता नवं लायनर टाकलं आणि नंतर ते फक्त ७४ दिवस वापरलं. तेव्हाच विकला असता तर ९०० डॉलर वाचले असते, कारण जुनं लायनर तसंही घेणाऱ्याने फेकलंच असतं.

गुंतवणूक म्हणून मात्र कधीच घेऊ नका. घराचं मूल्यांकन करणारे लोक सहसा अबव्ह-ग्राउंड पूलला घराच्या किमतीत धरत नाहीत, ती सुटी वस्तू समजली जाते. घर विकताना तो राहणार की जाणार हे करारात लिहावं लागतं, आणि लहान मुलं नसलेले घेणारे तो काढूनच मागतात. विमा कंपनीला पूल आहे हे कळवावं लागतं, दायित्वाची (दुसऱ्याला इजा झाली तर द्यायच्या भरपाईची) मर्यादा वाढवून घेणं शहाणपणाचं. तुमच्या परसात परवानगीशिवाय शिरलेलं शेजारचं मूल बुडालं तरी जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते.

रोजचं काम किती, हेही विचारतात. वीस मिनिटं. क्लोरीन १ ते ३ पीपीएम (दहा लाख भाग पाण्यात एक ते तीन भाग) आणि पीएच ७.२ ते ७.८ च्या मध्ये ठेवायचं, जाळीने पानं काढायची, टोपली रिकामी करायची. ही वीस मिनिटं रोज देणारा एक माणूस घरात नसेल तर घेऊ नका. चार दिवस दुर्लक्ष केलं आणि पाऊस पडला की पाणी हिरवं होतं आणि पुढचा आठवडा ते निस्तरण्यात जातो. दोन-चार आठवड्यांसाठी भारतात जाणार असाल तर त्या काळात ही वीस मिनिटं कोण देणार, तेही ठरवा.

मी कराडजवळच्या गावात पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकले. काका वरून ढकलायचे आणि चुलतभाऊ खाली थांबायचे. आमच्या मुलांच्या वाट्याला ती विहीर नव्हती, म्हणून पूल. सासूबाई सांगलीहून तीन उन्हाळे आल्या. गुडघ्यांमुळे त्यांना चालवत नव्हतं, पण छातीएवढ्या पाण्यात कठड्याला धरून त्या तासभर चालायच्या. गोल पूलमध्ये सगळ्यांनी एकाच दिशेने कडेकडेने चालत राहिलं की पाच-सात फेऱ्यांत पाणीच फिरायला लागतं. मग पाय सोडून दिले की ते आपल्याला वाहून नेतं. आजी मध्ये, नातवंडं भोवती, आणि पाणी सगळ्यांना गोल फिरवतंय. वहीत त्या दिवसांपुढे मी फक्त 'सगळे' असं लिहिलंय.

तेव्हा मुलं त्या वयात असतील, परसात ऊन आणि सपाट जागा असेल, घरमालकांच्या असोसिएशनची मनाई नसेल, तर घ्या. शक्यतो जुना घ्या, गोल घ्या, चालू बघून घ्या, नवं लायनर टाका. पाणी भरायच्या आधी गावचं परमिट, कुंपण आणि इलेक्ट्रिशियनची तपासणी पुरी करा. शिडी रोज संध्याकाळी वर उचलून कुलूप लावायची, त्यात एकही दिवस खाडा नको. या देशात १ ते ४ वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बुडणं हे आहे. पाहुणे आले, वाढदिवस असला, की एका मोठ्या माणसाने फोन खाली ठेवून नुसतं पाण्याकडे बघत बसायचं, आणि पंधरा मिनिटांनी दुसऱ्याने त्याची जागा घ्यायची. आमच्याकडे त्या माणसाच्या गळ्यात शिट्टी असायची. ती शिट्टी मी बार्शीच्या त्या दादांना पूलसोबत दिली, तशाच एका कोऱ्या वहीसकट.